उजव्या पायाची परवानगी

मोजा घालायला छत्री लागते, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी अजून साठी पाहिलेली नाही असं खुशाल समजावं. माझी पद्धत अशी होती. मोजा तोंड वासून जमिनीवर पसरायचा, त्यात पायाचा अंगठा घुसवायचा, मग छत्रीच्या वाकड्या मुठीनं मोज्याची कड पकडून ती पोटरीपर्यंत ओढत आणायची. एका पायाला सात मिनिटं, दोन्हींना चौदा. हा कार्यक्रम मी खोलीचं दार लावून करत असे. माणसाच्या प्रतिष्ठेची काही कामं एकांतातच उरकलेली बरी.

एका सकाळी कडी लावायची राहिली. बायको कपाटातून टॉवेल घ्यायला आत आली आणि दारातच थबकली.

"अहो, घरात पाऊस पडतोय का?"

मी छत्री मिटलेलीच असल्याचं तिच्या निदर्शनास आणलं. ती खाली बसली, माझा पाय मांडीवर घेतला, मोजा चढवला आणि बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं म्हणाली, "हं, आता दुसरा."

वजन-मापे खात्यात मी एकतीस वर्षं निरीक्षक होतो. दुकानात शिरून "मोजा!" असं नुसतं दरडावलं की भल्याभल्यांच्या हातातला तराजू थरथरायचा. आणि आता बोटभर कापडाचा एक मोजा मला जुमानेना! मी त्याच क्षणी ठरवलं की, काय वाट्टेल ते झालं तरी माझ्या पायापर्यंत माझे हात पोचवायचेच.

दोन गल्ल्या पलीकडे एक फिजिओथेरपिस्ट आहे. मुलगी माझ्या मुलीच्या वयाची, पण आवाजात जरब. तिनं मला जमिनीवर चटई टाकून बसवलं.

"पाय सरळ ठेवा काका, आणि बोटांना हात लावा."

"कुणाच्या?"

"तुमच्याच."

मी वाकलो. निदान मला तरी वाटलं की मी वाकलो. तिनं प्लॅस्टिकची पट्टी पुढे केली. त्या पट्टीवर पडताळणीचा शिक्का नव्हता, म्हणून मी खिशातून माझी पोलादी टेप काढून दिली. हाताच्या बोटांपासून पायाच्या बोटांपर्यंत तेवीस सेंटिमीटर भरले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापातलं पाप शोधणारा माणूस स्वतः तेवीस सेंटिमीटरनं कमी भरला.

"मांडीच्या मागचे स्नायू आखडलेत," ती म्हणाली. "हॅमस्ट्रिंग म्हणतात त्यांना. खुर्चीत बसून बसून होतं असं."

चौसष्ट वर्षं ही मंडळी माझ्या मागे होती आणि मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं.

मग तिनं व्यायाम सांगितला. खुर्चीच्या कडेवर बसायचं. एक पाय सरळ पुढे, टाच जमिनीवर. पाठ ताठ ठेवून कमरेतून पुढे झुकायचं. मांडीमागे ताण जाणवला पाहिजे, दुखता कामा नये. तीस सेकंद थांबायचं, झटके द्यायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही. प्रत्येक पायाला तीनदा, रोज.

"एवढंच?"

"एवढंच. पण रोज. दीड-दोन महिन्यांत फरक दिसेल."

मला जरा अपमानच वाटला. ज्या उपायाला साधा एक फॉर्मसुद्धा भरावा लागत नाही, त्यावर सरकारी माणसाचा विश्वास कसा बसावा?

माझी ही शंका रास्त असल्याचं जिन्यातच सिद्ध झालं. आमच्या शेजारी एक दंतवैद्य राहतात. दात सोडून शरीराच्या बाकी सगळ्या अवयवांवर त्यांचं प्रभुत्व आहे. त्यांनी मला जिन्यात गाठलं, सगळं ऐकून घेतलं, माझी मांडी दोन बोटांनी चाचपली आणि मान हलवली.

"खुर्ची? छे छे! बसून आखडलेलं बसून कसं सुटेल? पाय उंचावर टाका. बाग आहे, बागेत बाक आहे. फुकट!"

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई तेवढ्यात गळ्यात टेप अडकवून दारात आल्या. माझ्या सगळ्या विजारी त्यांनीच शिवलेल्या. त्यामुळे माझ्या पायांची लांबी-रुंदी त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक.

"डॉक्टर, कापड हिसकलं तर शिवण उसवते," त्या दंतवैद्यांना म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "फिजिओवाल्या मुलीनं सांगितलंय ना सावकाश? मग सावकाशच करा."

घरी बायकोही तेच म्हणाली. पण दोन बायकांचं एकमत झालं की पुरुषाला उगाचच कटाचा वास येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बागेत हजर झालो.

दव पडलेलं, हवा गार, बाक रिकामं. मी उजवी टाच बाकावर टेकवली, पाठ ताठ केली आणि झुकणार, इतक्यात कानाशी शिट्टी वाजली. बागेचा पहारेकरी. वयानं माझ्याएवढाच असेल, पण कमरेत असा वाकत होता की मला हेवा वाटला.

"साहेब, बोर्ड वाचता येतो का?"

बाकामागेच पाटी होती. 'बाकावर पाय ठेवू नयेत.' मी शरमलो. ज्या माणसानं हजारो दुकानांत पाट्या लावायला लावल्या, त्याला पाटी वाचून दाखवायची वेळ यावी! पाय खाली घ्यायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात त्यानं आणखी एकदा शिट्टी मारली.

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. "मी लेखी परवानगी आणतो."

"आणा की. आजवर कुणी आणली नाही."

तो हे चेष्टेनं म्हणाला असणार. मला ते आव्हान वाटलं.

उद्यान विभागाचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्टवर 'दुरुस्ती चालू' असं लिहिलेला कागद इतका पिवळा पडला होता की तो दुरुस्तीच्याही आधीचा असावा. तिथल्या हेडक्लार्क बाईंनी चष्म्यावरून माझा अर्ज पाहिला.

"बाकावर पाय ठेवण्याबाबत," त्यांनी मोठ्यानं वाचलं. मागच्या टेबलावरची दोन डोकी वर झाली. "आमच्याकडे झाड तोडणं, चित्रीकरण आणि पुतळा बसवणं, एवढेच विषय आहेत. तुमचं कशात घालू?"

मी विचार केला. "तीस सेकंद हलायचं नसतं. पुतळ्यात बसेल का?"

"पुतळ्याला वारसांची संमती लागते," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. मनातल्या मनात मी त्यांना सलाम ठोकला. असे कर्मचारी आता राहिले नाहीत.

शेवटी 'इतर' असा नवा विषय उघडण्यात आला. त्याला डॉक्टरांचा दाखला हवा होता. मी आणला. त्यात लिहिलं होतं, 'यांना व्यायामाची गरज आहे.' बाई म्हणाल्या, गरज आहे हे ठीक, पण झेपेल का? उद्या बाकावर काही झालं तर जबाबदार कोण? मी दुसरा दाखला आणला, 'हे व्यायामास सक्षम आहेत.' बाई म्हणाल्या, सक्षम आहेत तर गरज काय? दोन्ही दाखले एकाच कागदावर आणायला मला आणखी एकदा तीन मजले चढावे लागले. एव्हाना माझ्या पायांना जो काही व्यायाम झाला, तो सगळा त्या जिन्यानंच दिला होता.

मग स्थापत्य विभागाचा शेरा आला: 'बाकावर पडणारा भार नमूद करावा.'

"पाय किती वजनाचा?" बाईंनी विचारलं.

वजनाचा प्रश्न, तोही मला! दाखला देणारे डॉक्टर म्हणाले, शरीराच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा धरा. पण 'साधारण' या शब्दावर मी एकतीस वर्षं दंड ठोकत आलो होतो. ठोक वजन हवं. आमच्या भागात पोत्यांचा मोठा काटा एकाच किराणा दुकानात आहे, आणि त्या दुकानदाराच्या काट्याला मी स्वतः एकदा सील ठोकलेलं. किलोमागे चाळीस ग्रॅम कमी भरत होतं. पण निश्चय म्हणजे निश्चय. मी गेलो.

मी गूळ, तांदूळ काही मागत नाही, पाय तोलून मागतोय, हे दुकानदाराच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा असा काही फुलला की विचारू नका. त्यानं मला साखरेच्या पोत्यावर बसवलं, काट्यावर स्वच्छ कागद अंथरला आणि माझा उजवा पाय दोन्ही हातांनी अलगद उचलून त्यावर ठेवला. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सगळी पुढे सरकली.

"अकरा किलो सहाशे चाळीस," त्यानं खणखणीत आवाजात पुकारलं. "नीट बघून घ्या साहेब, चाळीस ग्रॅम इकडे-तिकडे नकोत. पिशवीत घालू का असंच नेताय?"

मी आकडा लिहून घेतला. मान ताठ ठेवून बाहेर पडलो. मान तेवढी ताठ ठेवता येते मला. इतकी की काही वेळा तीही फिजिओथेरपिस्टला दाखवावी असं वाटतं.

तीन आठवड्यांनी परवानगी आली. गोल शिक्का, आडवी सही, सगळं जिथल्या तिथे. 'अर्जदारास त्यांचा उजवा पाय (वजन ११.६४० कि.ग्रॅ.) सकाळी सहा ते आठ या वेळेत बाक क्रमांक चारवर ठेवण्यास परवानगी देण्यात येत आहे.'

पहारेकऱ्यानं ती दोनदा वाचली आणि मला कडक सलाम केला. मी ऐटीत उजवा पाय बाकावर टाकला. तीस सेकंद, तीनदा. मग पाय बदलला. शिट्टी वाजली.

"साहेब, यात डावा नाही."

"अहो, उजवा आला म्हणजे डावा ओघानं आलाच की!"

"कागदावर नाही आला."

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. मी तोललाच होता उजवा. डाव्यासाठी नवा अर्ज केला. तो पहिल्या टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोचेपर्यंत महिना गेला, आणि त्या महिन्यात मी अगदी नेमानं, पाऊस असो की ऊन, फक्त उजवा पाय ताणला. वहीत रोजची नोंद केली. उजवा तेवीसवरून पंधरावर आला. डावा तेवीसवर ठाम. चालताना माझे दोन पाय दोन वेगवेगळ्या खात्यांत नोकरी करत असल्यासारखे पडू लागले.

फिजिओथेरपिस्टनं माझी वही उघडली आणि कपाळाला हात लावला.

"काका, खुर्चीवरचा व्यायाम करत होतात ना?"

"म्हणजे... रीतसर मार्गानं करत होतो."

"घरातल्या खुर्चीला कुणाची परवानगी लागते?"

मी वही मिटून काखेत मारली. पण डावा पाय झटपट मार्गी लावायचा ध्यास मात्र डोक्यात बसला. त्या दिवशी दंतवैद्यांनी नवा प्रकार सांगितला. दाराच्या चौकटीत उताणं झोपायचं, एक पाय भिंतीवर उभा चढवायचा आणि दुसरा दारातून सरळ बाहेर सोडायचा. "जमिनीवर पडल्या पडल्या! पाटी नाही, शिट्टी नाही!" मला पटलं. मी खोलीच्या दारात आडवा झालो. डावा पाय चौकटीच्या भिंतीवर चढवला, उजवा बाहेर न्हाणीघराकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये सोडला. डोळे मिटले आणि आकडे मोजू लागलो.

अठरापर्यंत आलो होतो. बायको धुतलेल्या कपड्यांची बादली दोन्ही हातांनी पोटाशी धरून न्हाणीघरातून बाहेर आली. बादलीमुळे तिला खालचं दिसत नव्हतं. माझा पाय तिच्या पायात आला.

बादलीचा आवाज मोठा झाला. तिचा झाला नाही. ती भिंतीला टेकून बसली होती, उजवं मनगट डाव्या हातात धरून, आणि चेहरा एकदम पांढरा.

"अहो, उठा ना," एवढंच म्हणाली.

आणि मला उठता येईना. एक पाय वर, एक पाय ओल्या कपड्यांखाली. तीन हातांवर ती बसलेली आणि मी उलट्या पडलेल्या झुरळासारखा हातपाय झाडतोय. शेवटी कुशीवर वळलो आणि रांगत तिच्यापाशी गेलो. त्या तीन हातांइतका लांबचा पल्ला मी आयुष्यात दुसरा काटला नाही.

दंतवैद्यांनी गाडी काढली. वाटेत त्यांनी एकही सल्ला दिला नाही, यावरून त्यांची अवस्था ओळखावी. मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

बायको मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर मी काहीतरी बचाव केला असता. तेहतीस वर्षांच्या संसारात एवढा सराव होतोच. आता बचावाऐवजी मी कसाबसा स्वयंपाक शिकू लागलो.

खरी गोष्ट चौथ्या दिवशी कळली. ती रोज संध्याकाळी पाच वाजता फिरायला जाते. कितीतरी वर्षांचा नेम. तिचे बूट नाड्यांचे आहेत, कारण एकदा चप्पल सटकून ती पडता पडता वाचली होती. त्या दिवशी ती पलंगाच्या कडेला बसून एका हातानं नाडी बांधायचा प्रयत्न करत होती. नाडीचं एक टोक तिनं दातात धरलं होतं. मी दारात उभा होतो.

"मी बांधतो," म्हणालो आणि वाकलो. हात नडगीच्या मध्यावर येऊन थांबले. गुडघ्यांवर बसलो असतो, तर तिथून उठवायला मलाच माणूस लागला असता आणि तिचा धड हात एकच उरला होता.

"राहू दे हो," ती म्हणाली. "कंटाळाच आलाय आज." बूट तिनं पायानंच पलंगाखाली सारले आणि खिडकीत जाऊन उभी राहिली. खाली तिच्या मैत्रिणी निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून पाच वाजता शिंपीणबाई वर येऊ लागल्या. घडी घातलेल्या कापडासारख्या अलगद वाकायच्या, दोन मिनिटांत नाड्या बांधायच्या आणि खाली जायच्या. मी बाजूला खांबासारखा उभा. त्यांची टेप गळ्यात असायची आणि मला उगाच वाटायचं की ती माझंच माप घेतेय.

त्या आल्या त्या पहिल्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरातली खुर्ची बाहेर आणली. कडेवर बसलो. डावा पाय पुढे, टाच जमिनीवर, पाठ ताठ. कमरेतून झुकलो. तीस सेकंद. मग उजवा. सकाळी पुन्हा, रात्री जेवणाआधी पुन्हा. ना शिक्का, ना साक्षीदार. डाव्याची नोंद अशी होती: तेवीस, तेवीस, बावीस, बावीस, पुन्हा तेवीस. त्या 'पुन्हा तेवीस'च्या दिवशी मी वही भिरकावली.

बायकोनं ती डाव्या हातानं उचलली. गळ्यातली झोळी सावरत समोर येऊन बसली.

"घड्याळ माझ्याकडे द्या. तुम्ही आकडे भराभर मोजता. तीसचे वीसच होतात."

"मी? मापात पाप?"

"हो, तुम्ही. वाका."

मी वाकलो. ती मोजू लागली. तिचे सेकंद खरोखरच माझ्यापेक्षा लांब होते.

"अकरा... बारा... श्वास रोखू नका... तेरा... तोंड वाकडं करून पाय लांब होत नाही हो... चौदा..."

त्या दिवसापासून माप खरं भरू लागलं. एकवीस. एकोणीस. मध्ये चार दिवस कंबर धरली, तर फिजिओथेरपिस्टनं व्यायाम निम्म्यावर आणायला सांगितलं. मी मुकाट्यानं निम्म्यावर आलो. माझ्या बाबतीत ही क्रांतीच होती. उद्यान विभागाचं पत्रही याच काळात आलं, डाव्या पायाचं वजन कळवण्याबद्दल. मी त्याच्या पाठीवर त्या दिवसाचं माप लिहिलं, सतरा, आणि पुन्हा झुकलो.

पाचव्या आठवड्यात उजवा नऊवर आणि डावा बारावर होता. पायाच्या बोटांना हात अजून लागत नव्हते, आजही लागत नाहीत. पण नाडीची गाठ बोटांवर नसते, त्याच्या बरीच अलीकडे असते.

त्या संध्याकाळी सव्वापाच झाले तरी शिंपीणबाई आल्या नाहीत. कुणाचं तरी लग्नाचं माप चालू होतं. बायको बूट घालून, नाड्या लोंबत, दारातल्या स्टुलावर बसून होती. मी खुर्ची तिच्यासमोर ओढली, कडेवर बसलो आणि पाठ ताठ ठेवून झुकलो. ताण आला. दुखलं नाही. हात नडगीच्या मध्यावर आले, खाली गेले, आणखी खाली गेले आणि नाडी बोटांत आली. मी हिसकलं नाही. एक फास, दुसरा फास, ओढलं. मग दुसऱ्या बुटाकडे वळलो. घामानं डबडबलो होतो.

बायकोनं पाय हलवून दोन्ही गाठी बघितल्या.

"चला, तुम्हीही चला," ती म्हणाली. "मैत्रिणी तर गेल्या पुढे."

आम्ही खाली उतरलो. कोपऱ्यावर पोचेपर्यंत डावी नाडी सुटली. मी तिला पाय पदपथाच्या उंच कडेवर ठेवायला सांगितलं आणि भर रस्त्यात वाकून बांधली. शंभर पावलांवर उजवी सुटली. पुन्हा वाकलो. बाजूनं सायकली जात होत्या, एका बाईनं वळून पाहिलं, मी पर्वा केली नाही. औषधाच्या दुकानासमोर डावी परत सुटली.

"अहो, वाकायला शिकलात ते छान झालं," बायको म्हणाली, "पण गाठ मारायला कोण शिकवणार? तो फास उलटा घेताय तुम्ही."

"मग सांग कसा घ्यायचा."

तिनं सांगायला सुरुवात केली. डावीकडून घ्या, नाही, ते नाही, दुसरं टोक, आता खालून, सैल ठेवा, हं. एका पायावर तिचा तोल जाऊ लागला, तेव्हा तिनं धडधाकट हात माझ्या पाठीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला. मांडीमागे ताण येत होता, येऊ दे म्हटलं. बरोबर गाठ कशी मारायची ते मला एव्हाना कळलं होतं, तरी मी ती सोडली आणि पहिल्यापासून सांग म्हणालो.